रुमालाखालचा भाव

हळदीच्या सौद्यात पूर्वी
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा.
काल मात्र टीव्हीवर, सगळ्यांदेखत,
आमच्या कबड्डी संघानं एकोणीस वर्षांचं पोरगं उचललं.
चौदा लाख.

सकाळी सांगलीच्या यार्डात, पोती उतरायच्या आधी,
शामराव मुळीक चहा तसाच ठेवून म्हणाला,
"डावा कोपरा तीन वर्षं मोकळा पडलाय,
आन् ह्यांनी परत चढाईवालाच घेतला?"
अस्लमभाई खूश. "पाय बघितलास का त्याचं?
बोनस रेषेवर विंचवागत फिरतंय."
"बासष्ट किलो! मांडी धरली की मोडंल."
"मोडू दे. गेल्या साली तुझ्या नव्वद किलोवाल्यानं
काय दिवे लावले?"
मग कुणी जुना हिशेब काढला,
कुणी संघमालकाची आई.

मी काट्यावर. माझं काम तोलायचं.
मी बघितलंय ते पोरगं,
कसबे डिग्रजला, रात्रीच्या सामन्यात.
गुण बरोबरीत, शेवटची चढाई,
टाच इतकीशी रेषेबाहेर पडली,
पंचाला दिसली नाही, कुणालाच नाही.
त्यानं आपणच हात वर केला
आणि बाहेर जाऊन बसला.
मास्तरांनी तिथंच कानाखाली वाजवली.

यार्डात हे बोललो नाही.
भाव पडला असता.
किंवा चढला असता, कोण जाणे,
हळकुंड मोडल्याशिवाय आतला रंग कळत नाही.

पहिलं पोतं काट्यावर आलं.
खिशात, रुमालाखाली,
माझंच बोट मी दाबून धरलं.