फर्स्ट कॉपी घ्यायला निघालेल्या हरेश्वरला

बस त्या स्टुलावर. पाय जरा आत घे,
जिन्यावरून आता साठेकाकू उतरतील.
घ्यायचीच आहे ना तुला? मग घे.
मी नीती शिकवायला बसत नाही इथे,
मी बसते सेल बदलायला, पट्ट्याची पिन घालायला,
सासऱ्यांनी मागे ठेवलेल्या अडीच फुटांच्या काउंटरवर.

फक्त मुसाफिरखान्याच्या गल्लीत शिरलास की
पहिल्या माणसापाशी थांबू नकोस.
तो म्हणेल फर्स्ट कॉपी, पुढचा म्हणेल मास्टर कॉपी,
त्याच्या पुढचा गळ्याला हात लावून सांगेल,
कारखाना तोच आहे शेठ, फक्त रात्रपाळीचा माल.
ऐकून घे. मान हलवू नकोस.
मान हलली की भाव ठरला.

आधी कानाला लाव, मग मनगटाला.
सेकंदकाटा उड्या मारत असेल तर आत सेल आहे.
सरपटत फिरला तरी हुरळू नकोस,
सरपटायला हल्ली सगळेच शिकलेत.
हाताला जड लागेल. त्यावर जाऊ नकोस,
मी पाठी उघडून पाहिल्यात:
नाण्याएवढं मशीन, भोवती प्लास्टिकची रिंग,
आणि बुडाशी शिशाची एक चकती,
लग्नघरात कुणाचा कोण ते न कळणाऱ्या
पाहुण्यासारखी बसलेली.

मोठ्या तबकडीतल्या तीन छोट्या तबकड्या
खरंच चालतात का बघ. बहुतेक नुसत्या रंगवलेल्या.
नाव वाच. शाळेत वाचायचास तसं, एकेक अक्षर.
मागे एक आला, त्याच्या घड्याळावर
जिनिव्हाचं स्पेलिंगच चुकलेलं,
आणि तो ते घालून सहा महिने
बँकेत मॅनेजरच्या समोर बसत होता.
मॅनेजरलाही कळलं नाही, म्हणा.

कड्या काढल्या तर मागून घे, डबीत ठेव.
माणूस जाड होतो.
बिल मिळणार नाही. वॉरंटी म्हणजे
त्याचा चेहरा तुझ्या लक्षात राहील तितके दिवस.
चौपाटीवर गेलास तर काढून खिशात घाल.
मे महिन्यात घामानं सोनं हिरवं पडतं,
मनगटावर डाग राहतो. चिंचेनं घास, जातो.

आणि ऑफिसात सारखी बाही वर सारू नकोस.
ज्यांच्याकडे खरं असतं ना,
ते वेळ मोबाईलवर बघतात.

थांब, सांगते एक.
मुगभाटातले दोघे भाऊ. नावं नाही सांगत.
बाप गेला. खोली भाड्याची, पैसा आजारपणात संपलेला,
उरलं ते त्याचं घड्याळ,
दुबईच्या शेठनं खूश होऊन दिलेलं, म्हणे.
थोरल्यानं ते घातलं म्हणून
धाकटा वर्षश्राद्धाला आला नाही.
मग एका दुपारी दोघं इथे,
एक तुझ्या स्टुलावर, एक उभा:
किंमत सांगा, विकतो, अर्धं अर्धं करतो.

मी पाठ उघडली.
आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेल्या तारखा,
माझ्या सासऱ्यांच्या हातच्या, सेल बदलल्याच्या.
मोजल्या. अकरा.
म्हणजे अकरा वेळा तो बाप इथे येऊन बसला होता
आणि अकरा वेळा दोघंही म्हातारे
पाऊसपाण्याचं बोलून उठले होते.

मी काय सांगितलं ते विचारू नकोस.
बारावी तारीख घातली. चाळीस रुपये घेतले.
मग थोरल्यानं ते धाकट्याच्या हातात घातलं
की धाकट्यानं थोरल्याच्या, ते दिसलं नाही मला,
डोळ्याला भिंग होतं.

तर घे तू. पण घरात एका माणसाला तरी
खरं काय ते सांगून ठेव. बहिणीला सांग.
आणि वेळ तिथेच लावून घे,
शोकेसमधली सगळी
दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवलेली असतात.

सेल संपला की ये.
एक ते चार बंद असतं.