तीन कातडी, एक दोरा

मी गेम खेळतो.
खेळते नव्हे. आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात,
आणि गेम सुरुवातीलाच विचारतो, पुरुष की स्त्री,
तेव्हा मला हसू येतं: आधी क्रियापद तरी विचार की रे.

सुभाषनगरात दिवसभर वेण्या घालतो,
चपलेच्या, बारीक, सात पदरी.
रात्री अकराला आई झोपली की
राजारामपुरीतनं आणलेला जुना कंट्रोलर मांडीवर.
त्याची दांडी आपोआप डावीकडं सरकते,
त्यामुळं माझे सगळे वीर जरा फेंगडे चालतात.

तर माझं मत, कुणी विचारलं नाही तरी:
तीन कातडी, एक दोरा, म्हणतो गेम,
बटण दाब, दोन सेकंदांत बूट तयार,
वर चपळाई अधिक पाच.
कुणाचं कातडं? कुठं कमावलं?
बाभळीची साल किती दिवस, हिरडा किती?
रापी निसटली तर कुणाचं रक्त कमी होतं?
चपळाई अधिक पाच म्हणे.
आमच्या धोंडूमामानं चाळीस वर्षं तळ ठोकले,
त्याचा गुडघा बघा, उणे किती ते.

लपूनछपून मारायचे गेम मला जमत नाहीत.
पायात करकरती चप्पल घालून
किल्ल्यातल्या पहारेकऱ्यामागनं चालून दाखवा कुणी.
आत विंचू बसवलेला असतो, म्हणजे बी,
माणूस आला हे गल्लीला कळावं म्हणूनच.
आम्ही आवाज विकतो.

मारामारीचं मात्र पटतं.
घाईनं बटणं बडवणारा शेजारचा तौफिक
पहिल्याच राक्षसापाशी सतरा वेळा मेला.
म्हटलं, भावा, तलवार बघू नकोस, खांदा बघ.
खांदा आधी बोलतो.
हे मी खासबागेत शिकलो,
आजोबांच्या खांद्यावर बसून.
अठराव्यांदा जिंकला आणि म्हणाला, लई सोपा गेम हाय.

जग बुडायला आलेलं असतं, आभाळ फाटलेलं,
आणि एक म्हातारी म्हणते, माझी शेळी हरवली.
मी आधी शेळी शोधतो.
तौफिक हसतो. हसू दे.
तिथं जग थांबतं, कितीही दिवस; ही एकच गोष्ट
मला त्या गेमवाल्यांकडनं उसनी पाहिजे.
पुराच्या साली सुतारवाड्यात, मामाच्या खोलीत,
दोनशे जोड होते. पाणी थांबलं नाही.
गेममध्ये मोठ्या लढाईआधी दारातच
औषधाच्या बाटल्या ठेवलेल्या असतात, संगीत बदलतं.
आमच्याकडं फक्त
मांजर माळ्यावर जाऊन बसलं.

बोलायला चार पर्याय देतात:
हो. नाही. पैसे किती. मर.
"बघू की" कुठाय?
अर्धं कोल्हापूर "बघू की"वर चालतं,
लग्नंसुद्धा. माझं तर तिथंच थांबलंय.

एका गेममध्ये, फारसा चालला नाही तो,
डोंगरावर मरून पडलेल्या एका शिपायाचा बूट
मी जवळनं बघितला.
टाके सरळ नव्हते.
टाचेकडं येता येता एक टाका लांब पडलेला,
जसा संध्याकाळी सहानंतर पडतो, डोळे दमल्यावर.
कुणीतरी, कुठल्यातरी देशात,
तो मुद्दाम चुकवला होता.

बूट उचलायचं बटण चमकत होतं.
नाही उचलला.
माझा वीर शेजारी उभा करून ठेवला,
तो आपला डावीकडं सरकतोय, सरकतोय,
मी त्याला मागं ओढत बसलो.
सकाळी साठ जोडांची ऑर्डर होती.