दोन बोटं माया

शंभरातल्या एखाद्याला जंतुसंसर्ग होतो, डॉक्टर अडेयेमी म्हणाले.
एखाद्याचा सांधा निखळतो.
गुठळी. बधिर पाऊल. भूल न मानवणं.
आणि कधीकधी एक पाय दुसऱ्याहून
अर्धा सेंटीमीटर लांब होतो.
बाकी सगळ्याला मी मान हलवत गेले.
अर्ध्या सेंटीमीटरला थांबले.

एकतीस वर्षं हडर्सफील्डात
ड्रायक्लीनरच्या दुकानामागे, बॉयलरला खेटून
लोकांच्या पँटी उंच-आखूड करत बसले मी.
अर्धा सेंटीमीटर काय असतो, मला विचारा.
मिस्टर हॅलमचा डावा पाय कमी भरायचा.
ते कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही,
डावीकडे दुमड जास्त घ्यायची, बस्स.
दर नाताळला बिस्किटांचा डबा यायचा.

सही करण्याआधी डॉक्टरांची बोटं बघून घेतली.
नखं कापलेली. अंगठा स्थिर.
तरी विचारलंच,
मला जाळतील तेव्हा त्या धातूचं काय होईल?
हसले नाहीत. म्हणाले, बाजूला काढून ठेवतात.
म्हणजे अस्थींमध्ये नसेल.
बरं, म्हटलं. हिशेब लागला.

शेजारची मॉरीन सांगते, तिसऱ्या दिवशी जिना चढले मी!
आणि त्याच दमात सांगते तिच्या मावसबहिणीचं,
सांडलेला एक वाटाणा उचलायला वाकली
आणि कट्ट.
तेव्हापासून वाटाणे आणलेले नाहीत घरात.

कागदावर लिहिलंय, पायावर पाय टाकू नका.
मांडी हा शब्द त्यांच्याकडे नाही,
पण मला कळलं कशाबद्दल चाललंय.
देव उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले.
त्यांना विचारलं नाही.
तिथून त्यांना टेकडीवरचा मनोरा दिसतो,
मला बाळकृष्णाची फक्त बैठक.

फोनवर मेधा म्हणते, आई, हे रोजचं ऑपरेशन आहे गं.
रोजचं त्यांचं. माझं पहिलंच.
दोघीही प्रभाकरचं नाव काढत नाही.
याच इस्पितळात गेला होता, साध्या हर्नियासाठी,
निळी पिशवी घेऊन,
पायजमा, दाढीचं सामान, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं.
पिशवी परत आली.

फ्रीझरमध्ये दह्याच्या अकरा डब्यांत आमटी आहे.
गालिचे गुंडाळून जिन्याखाली.
खुर्चीच्या पायांखाली लाकडी ठोकळे,
त्यामुळे मी बसले की
कुणाच्या तरी लग्नात व्यासपीठावर बसल्यासारखी दिसते.
दुखतं आहेच. रात्री कूस बदलताना
जुन्या कात्रीचा खिळा ढिला व्हावा तसं
आत काहीतरी खरखरतं.
पण हे दुखणं ओळखीचं आहे,
कुठल्या पायरीवर कळ येणार ते मला आधीच कळतं.

सकाळी जांभळ्या पेनाने मांडीवर बाण काढतील,
उजवीच, चुकायला नको म्हणून.
आम्ही खडूने खूण करायचो. झटकली की जायची.

एक गोष्ट विचारायची राहिली.
कापताना माया सोडता का?
इंग्रजी शब्द मला ठाऊक आहे, दुकानात रोज वापरायचे,
पण त्या शब्दात नुसतं कापड आहे.
माया म्हणजे उद्या अंग बदललं
तर उसवून पुन्हा बसवता येईल एवढी जागा,
आतल्या बाजूला, कुणाला न दिसणारी.
हाडाला असते का तशी?
ते जमलं नाही, म्हणून म्हटलं, लांबी नीट बघा.
ते म्हणाले, दोनदा मोजतो.
तीनदा मोजा, म्हटलं.

पहाटे सहापर्यंत पाणी चालेल.
टॅक्सी पावणेसातला.
निळी पिशवी माळ्यावरच राहू दिली.
गेल्या आठवड्यात एक नवी शिवली,
पडद्याच्या उरलेल्या कापडाची,
आत जाड अस्तर,
आणि कडेनं, पिशवीला कशाला लागते कोण जाणे,
दोन बोटं माया.