स्केद

बर्नमथच्या उतारावर शेवटून दुसरं घर.
नेटा एचिसन शब्दांच्या चिठ्ठ्या ठेवते
शॉर्टब्रेडच्या पत्र्याच्या डब्यांत.
झाकणावर किल्टवाला पिपाणी फुंकतोय,
आत बिस्किटांचा चुरा आणि शब्द.

"हा बघ. हा आधी माणूस होता," ती म्हणाली.

होडीतून उतरायचा. हातात कुऱ्हाड.
चोर, वैरी, गंजीला आग लावणारा.
त्याला कुणी हाक मारत नसे,
त्याचं नाव ओरडत पळायचं, एवढंच.
मग तो गेला. त्यानं केलेलं मागं राहिलं
आणि लोक त्यालाच म्हणू लागले स्केद:
जळक्या गंजीला, उखडलेल्या कवाडाला,
डोंगराआड गेलेल्या आणि
न आलेल्या पोरीला.

पुढं शब्द कचेरीत गेला, माणसाळला.
शेजाऱ्याची गाय तुमच्या ओटमध्ये शिरली
तर तुडवलेल्या ओटची भरपाई, स्केद,
इतके शिलिंग, इतके पेन्स, खाली सही.
नेटाच्या आजोबांनी एकदा भरली होती.
गाय कुणाची होती
यावर घरात अजून दोन मतं आहेत.

मग तो कवींना सापडला.
त्यांनी त्याला वीज पडलेल्या ओकवर चढवला,
अर्धं झाड काळं, अर्धं हिरवं.
"कवींचं काय जातं," नेटा म्हणते,
"झाड दुसऱ्याचं."

आणि आता?
आता नुसता तोंडाचा जहाल.
एडिंबराच्या पेपरात कुणी एखादं नाटक
सालटं निघेपर्यंत झोडपलं
की तेवढ्यापुरता बाहेर येतो.
एरवी एका 'अन'च्या पाठीमागे
अंग चोरून बसलेला असतो.
अनस्केद्ड.
इजा झाली असं सांगायला त्याला कुणी बोलवत नाही.
झाली नाही म्हणायचं असेल, तर मात्र
त्याच्यावाचून अडतं.

डब्याच्या तळाशी चिठ्ठी नव्हती, कात्रण होतं.
ऑक्टोबर. बंदराच्या तोंडाशीच बोट उलटली.
पाचांतले चार.
'अलेक्झांडर एचिसन अनस्केद्ड बचावले.'
'अन'खाली पेन्सिलीची रेघ,
इतकी दाबून ओढलेली
की कागद तिथं फाटलाय.

एकतीस वर्षं तो कप दोन्ही हातांनी धरायचा.
टबात कधी उतरला नाही,
ओल्या फडक्यानं अंग पुसायचा उभ्याउभ्या.
वारा ईशान्येचा झाला
की रात्री बूट घालून जिन्यात बसायचा
आणि नावं मोजायचा, चार,
पाचव्याला थांबायचा.
"मी वरच्या पायरीवर बसायची," नेटा म्हणाली.
"खाली गेले तर उठून जायचा."

मी म्हटलं, आमच्याकडे 'सुखरूप' म्हणतात.
सुखाचं रूप घेऊन परत आला, असं.
ती हसली. "मग तुमचं खोटं
आमच्याहून मोठं."

काहीतरी सावरायला हवं म्हणून
मी दुसरा शब्द काढला:
क्षत म्हणजे जखम. आधी 'अ' लावला
की त्याचे तांदूळ होतात.
न मोडलेले दाणे निवडून, कुंकू लावून
लग्नात नवराबायकोच्या डोक्यावर टाकतो आम्ही.
ती चष्मा पुसत बसली.
"एखादा मोडतो का? मुठीत?"
मोडतो.
"मग तो काढून टाकता?"
नाही. मंगलाष्टक संपत आलेलं असतं,
कोण बघतंय. तोही अक्षताच.

तिनं कोरी चिठ्ठी पुढं केली.
"तुझ्या अक्षरात लिही.
मला वाचता येणार नाही, ते बरं."

लिहिली. तिनं ती कात्रणाच्या घडीत सरकवली.
झाकण बसेना. कोपरानं दाबलं,
किल्टवाल्याच्या पोटावर,
मग म्हणाली, चहा गार झाला असेल,
आणि कप उचलला
दोन्ही हातांनी.