पौर्णिमेच्या आसपासची कामं

चंद्र वाढला की माझा धंदा वाढतो.
उजेड्या रात्री डागा मासळी बत्तीकडे फिरकत नाही,
होड्या नान्सिओच्या वाळूवर पालथ्या पडतात
आणि पोरं आपल्या बत्त्या घेऊन माझ्या छपराखाली येतात.
म्हणजे, यायची.
आता त्यांच्याकडे बॅटरीचे दिवे आहेत, पांढरे, मुके,
ज्यांना पंप नाही, श्वास नाही, म्हणून दुखणंही नाही.

परवा ब्वीरे आला. मागेसाचा धाकटा.
पोत्यात गुंडाळलेली पितळी बत्ती,
टाकीवर हिरवा गंज, काचेला तडा, मूठ तारेनं बांधलेली.
"जुनी आहे. पेटत नाही."
पेटत नाही हे दिसतंच आहे, पोरा,
कशी पेटत नाही ते सांग.
तर गप्प.

मग मी बत्तीलाच विचारत गेले.

लिंबू आणि राखेनं घासली तेव्हा जर्मन अक्षरं वर आली,
आणि तळाला, खिळ्यानं कोरलेलं, एक वाकडं एम.
पंप ओढला, नुसताच ढिला.
चामड्याचा वायसर वाळून सुकटीसारखा झालेला.
रात्रभर एरंडेलात ठेवला, सकाळी बोटानं कडा फुलवल्या.
हवा धरली, पण दांडा आपोआप वर यायला लागला,
म्हणजे तळाचा व्हॉल्व्ह गळतोय.
त्यातलं रबर मसुरीएवढं, दगड झालेलं.
सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला.
रॉकेलनं फुगतो तो, चार महिन्यांनी परत यावं लागतं,
पण माझंही पोट आहे.

नळी काजळीनं गच्च.
कोळशावर लाल केली, पाण्यात बुडवली,
चुर्र करून काळं थुंकली. तीनदा.
जेटमधली सुई वाकलेली,
कुणीतरी घाईत फिरवलेली, अंधारात, ओल्या हातानं.

एवढं करूनही बत्ती उचक्या द्यायला लागली.
भपकन पिवळी, मग निळी, मग धापा.
दोन हजार शिलिंगांचा नवा मेंटल काळा पडून फाटला.

मिशनच्या वर्कशॉपमधला म्हातारा मुसिबा म्हणायचा,
उचकी लागली तर गळा नको बघूस, पोट बघ.
टाकी बरणीत उलटी केली.

वर रॉकेल. खाली पाणी.
घोटभर नव्हे, अर्धी बरणी.
आणि पाण्यात कोंड्याएवढा, रुपेरी, एक खवला.

पावसात भिजून एवढं पाणी आत जात नाही.
झाकण सैल असलेली बत्ती तळाला जाऊन बसली,
आणि बसून राहिली, तरच जातं.

एम म्हणजे मागेसा. एम म्हणजे मसातू, ब्वीरेचा थोरला.
मोठ्या पावसात तो म्वांझाला कामाला गेला, असं घरचे सांगतात.
कुठल्या कारखान्यात, ते त्यांना आठवत नाही.

संध्याकाळी ब्वीरे आला. म्हटलं, पाणी होतं.
"किती दिवसांचं?"
पाण्याला वय नसतं, म्हटलं.
गंजाला असतं,
आणि टाकीच्या आत मी बोट फिरवलं होतं.

स्पिरिटची निळी ज्योत नळीखाली धरली, मनात नव्वद मोजले,
चावी फिरवली.
आधी फुसफुस, मग तो आवाज,
शेजारच्या घरात कढईत काहीतरी तळत राहावं तसा.
जाळी आक्रसली, काळी झाली, मग पांढरी.
छपराखालच्या सगळ्या खुंट्या दिसायला लागल्या,
ब्वीरेचा चेहरासुद्धा.
मी पक्कड पुसत बसले. पक्कड स्वच्छच होती.

सात हजार झाले.
त्यानं दहाची नोट दिली, सुटे घेतले, मोजले.
मी सांगितलं, मेंटल आता राख आहे,
नुसती उभी राहिलेली राख. हिसका बसला की संपली.
विझव, निवू दे, मग सावकाश ने.

त्यानं विझवली नाही.
मूठ धरून, हात अंगापासून लांब ठेवून,
पेटलेलीच घेऊन उतारावरून सरोवराकडे गेला,
वर टिपूर चांदणं,
वाटेवरचा खडा न् खडा दिसत असताना.