विनंती थांबा

हिंगोलीत रात्रीचे साडेनऊ, लाइट आत्ताच आली.
स्वयंपाकघरात, मेणकापडावर
तुरीची डाळ पसरून
प्रयागताई बेट मांडते आहे.

"असं हाय का?"
मी मोबाइलवर बघते.
वर निमुळतं, खाली फुगीर,
चोखून टाकलेल्या कोयीसारखं.
"असंच."
"मंग सोपं हाय," म्हणते, आणि ठेवत जाते
लसणाची एकेक पाकळी:
हे कोलंबो, हे कँडी,
हा खडक बाराशे पायऱ्यांचा,
ही हत्तींची जागा, ही कासवांची, ही मसाल्याची बाग,
हे एल्ला.
लसूण संपला तेव्हा तळाशी एक लवंग:
गालचा किल्ला.

चार दिवस, तीन रात्री. दोघीच, नणंद-भावजय.
तिची भिशी लागली,
माझी पतसंस्थेतली ठेव अखेर हाती आली,
आणि पासपोर्टावरचे दोघींचे फोटो
सारखेच घाबरलेले.

माझ्या यादीत सतरा ठिकाणं होती.
तिनं ऐकली डोळे मिटून,
भरल्या गाडीत मागून ओरडलेली गावं
ऐकायची तशी.
चोवीस वर्षं एसटीत कंडक्टर.
हिंगोली, कळमनुरी, बाळापूर, वारंगा फाटा, नांदेड,
आणि तेच उलटं.
तिला किलोमीटर सांगून उपयोग नाही.
ती विचारते, घाट किती? फाटक लागतं का?
बाजार कोणत्या वारी भरतो तिकडं?

"नकाशावर बोटभर, रस्त्यावर दिवसभर,"
असं म्हणून कासवांची पाकळी उचलली
आणि खलात टाकली, मिरच्यांवर.
मसाल्याची बाग गेली.
"वेलदोडा झाडाला लटकलेला बघून काय करू?"
हत्तींसाठी मी भांडले थोडी.
हत्ती पण गेले.
खडक राहिला, तोही अर्धा:
"तू चढ. मी खाली चपला सांभाळते."

तिकडचा ड्रायव्हर, सुमनपाल नावाचा,
बोलून पाठवतो: नो प्रॉब्लेम मॅडम,
एका दिवसात सगळं होतं.
प्रयागताई तीनदा ऐकते.
"खोटं बोलू लागलाय. पण आवाज चांगला हाय.
असल्या आवाजाची मानसं गाडी हळू हाकतात."

मग मी रेल्वेचं वाचून दाखवलं.
कँडी ते एल्ला, सात तास,
चहाचे मळे, बोगदे, ढग डब्यात येतात म्हणे.
बत्ता थांबला.
"पुन्हा वाच."
पुन्हा वाचलं.
"खिडकीची जागा धरून ठेवता येती का?"

येते, म्हणाले. महिनाभर आधी.
आणि उगाच चष्मा पुसत बसले.
या बाईनं चोवीस वर्षं लोकांना खिडक्या दिल्या.
दारापाशी तिची स्वतःची एक सीट असायची,
तिच्यावर बहुतेक वेळा
कुणीतरी लेकुरवाळी बसलेली.

"तिसरा दिवस कोरा ठेव," ती म्हणाली.
"कोरा म्हणजे?"
"इनंती थांबा."
"कुठं पण?"
"ते आधी ठरतं व्हय?
कुनी हात केला, की थांबायचं."

मी लिहिलं: दिवस तिसरा. आणि पुढं काहीच नाही.
कागद एकदम महाग वाटायला लागला.

"अन् त्या रेल्वेत कंडक्टर आला ना,
तिकीट तू नको देऊ. मी देते.
बघू त्याचा पंच कसा वाजतो."

ठेचा झणझणीत झाला, सतरातल्या कितीतरी गावांचा.
भाकरीसोबत आम्ही तो खाल्ला, नाक पुसत.
डाळ हातानं ओढून डब्यात भरली,
बेट एका बाजूनं खचत गेलं.
मेणकापडावर लवंग तेवढी उरली.
"गालचं काय करायचं?" मी विचारलं.

तिनं ती उचलली, दाढेखाली धरली,
आणि दिवा मालवायला उठली.