चौथं ताट

पौष शुद्ध दशमी. सरूच्या बनापलीकडे
समुद्र अजून काळाच आहे.
जेमामणी बेहेरा अंगण सारवून उठली
तेव्हा गुडघा कटकन वाजला, आणि आतून नवरा खोकला.
सकाळचं त्यांचं बोलणं एवढंच.

आज सांबाचा दिवस.
द्वारकेच्या वाड्यातला पोरगा, जांबवतीचा,
रूप असं की बापाच्याच डोळ्यांत सललं.
कुणीतरी चहाडी केली
आणि देव असलेल्या बापाने विचारपूस न करता
शापून टाकलं: झडेल तुझी कातडी.
बापच देव,
मग गाऱ्हाणं न्यायचं कुठे?
तो चालत निघाला,
मावळतीच्या समुद्रापासून या उगवतीच्या समुद्रापर्यंत,
रोज रात्री बोटं मोजत.
वाटेत किती उरली होती ते पोथीत नाही.

चंद्रभागेच्या मुखाशी बारा वर्षं उभा राहिला
(आता तिथे डबकं, आणि शहाळीवाले)
तेव्हा सूर्याने एकेक बोट परत दिलं, म्हणतात.

जेमामणी यातलं काही सांगत बसत नाही.
तिला काकरे तळायचे असतात,
लेकरामागे सात, नाव घेऊन,
आणि तीनदा सूर्याला दाखवायचे:
उगवताना, माथ्यावर, बुडताना.
रंगलतेचे सात. झुनूचे सात.
पीतांबर सुरतेला मागावर, त्याचे सात.
केळीच्या पानाखाली झाकलेले आणखी सात.

निराकारच्या कानाच्या पाळीवर डाग उठला
तेव्हा तो एकोणीस वर्षांचा.
सुई टोचली तरी हसत होता.
बापाने त्याची पितळी उचलून
उंबऱ्याबाहेर ठेवली.
ओरडला असता तर बरं झालं असतं.
वर्षभर गोळ्या, मग दवाखान्याचा शिक्का: बरा.
तो कागद अजून त्याच्या खिशात, घड्यांवर फाटलेला.
बनाच्या टोकाला वसाहतीत कोबी लावतो.
दोन मैल.
द्वारकेहून लांब.

संध्याकाळी ऊन भातखाचरांमागे उतरलं.
मोतीबिंदूचे डोळे घेऊन म्हातारा भिंतीला टेकलेला.
"किती जणांचं?"
"तिघांचं."
तो वास घेत राहिला. गूळ, खोबरं, जरासं करपलेलं तूप.
"पहाटे अठ्ठावीसदा चुर्र झालं कढईत,"
म्हणाला,
आणि तोंड फिरवून बसला.

तिने केळीचं पान काढून घेतलं.
बुडत्या उन्हात चार ताटं.
चौथं पितळेचं.